नौपाड्यातलं कायरोप्रॅक्टिक क्लिनिक: कमरेसाठी जरूर जा, पॅकेजची घाई करू नका

कंबर तीन-तीन महिने दुखत असेल, पेनकिलर खाऊन खाऊन पोटाची वाट लागली असेल किंवा डॉक्टरांनीच त्या गोळ्या बंद करायला सांगितल्या असतील तर या कायरोप्रॅक्टिक, म्हणजे हाताने मणक्याला दाब किंवा झटका देऊन उपचार करणाऱ्या, क्लिनिकमध्ये एकदा दाखवून या, असं मी अगदी मनापासून सांगते. पाचपैकी चार स्टार. एक स्टार कुठे कापला ते खाली लिहिलंय आणि ते वाचल्याशिवाय प्लीज काउंटरवर पैसे भरू नका.

आधी माझी केस सांगते म्हणजे तुमच्याशी जुळतेय का बघता येईल. माझं ठाण्यातच पोळीभाजी केंद्र आहे. पहाटे पाचला ओट्याशी उभं राहिलं की साडेअकरा वाजेपर्यंत हात थांबत नाही, संध्याकाळी परत तेच. मदतीला बायका आहेत पण घडीच्या पोळ्या आणि सणाच्या पुरणपोळ्या मी स्वतःच लाटते. कमरेत उजवीकडे, माकडहाडाच्या जरा वर सतत ठणका, आणि खाली ठेवलेला पिठाचा डबा उचलायला गेलं की उसण भरायची, सरळ होताच यायचं नाही. पायात मुंग्या नव्हत्या, कळ खाली पोटरीपर्यंत जात नव्हती, नुसती कंबर. एमआरआय काढला तर रिपोर्टमध्ये डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) फुगलीय असं आलं आणि घरात सगळे घाबरले, आता ऑपरेशनच वगैरे.

त्यात मला बीपी. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन असल्या गोळ्या रोजच्या रोज नाही चालणार, त्याने बीपी वाढतं, बीपीच्या गोळीचा असर कमी होतो, किडनीवर लोड येतो आणि पोटात अल्सर होऊ शकतो. मग गोळीशिवाय काय करायचं, कारण पोळ्या तर लाटायच्याच आहेत, घर त्यावर चालतं. एका गिऱ्हाईक ताईंनी हे क्लिनिक सुचवलं.

आता इथलं काय आवडलं ते. पहिल्या वेळी तासभर गेला आणि त्यातला अर्ध्याहून जास्त वेळ नुसते प्रश्न. मी मोबाईलवर बघितलं होतं की माणूस जातो, झोपतो, कडकड आवाज येतो आणि उठून हसायला लागतो, तसं इथे काही नव्हतं. ताप येतो का, वजन आपोआप उतरलंय का, कधी कॅन्सर झाला होता का, पडला होतात का, रात्री दुखण्याने जाग येते का, स्टिरॉइड चालू आहे का, लघवी-संडासवरचा कंट्रोल गेल्यासारखं वाटतं का, बसायची जागा बधिर होते का. हे शेवटचे दोन प्रश्न इथल्या डॉक्टरांनी दोनदा विचारले. म्हणाले, "काकू, याचं उत्तर हो असेल तर मी हातसुद्धा लावणार नाही, तुम्हाला सरळ हॉस्पिटलला पाठवीन, त्यात तास महत्त्वाचे असतात." कारण मणक्याच्या शेवटी ज्या नसांचा झुबका असतो त्यावर दाब आला तर लघवी-संडासचं कायमचं नुकसान होऊ शकतं, तिथे मालिश, कडकड, पट्टा काहीच कामाचं नाही, सर्जनच लागतो. हे मला कोणी आधी सांगितलंच नव्हतं. तुम्ही कुठेही जा, हे लक्षात ठेवा.

मग टाचांवर चालायला लावलं, चवड्यांवर चालायला लावलं, गुडघ्यावर हातोडी मारली, झोपवून एकेक पाय सरळ वर उचलून कुठे ओढ बसते ते बघितलं. एमआरआयचा कागद बघून म्हणाले की पन्नाशीच्या ज्या लोकांची कंबर अजिबात दुखत नाही त्यांचे एमआरआय काढले तरी निम्म्याहून जास्त लोकांना अशी फुगलेली डिस्क दिसते, हे वयाप्रमाणे केस पिकतात तसंच आहे, त्याचं टेन्शन घेऊ नका. इतकं ऐकूनच मला अर्धं बरं वाटलं, खरंच सांगते. नवीन एक्स-रे काढायला लावला नाही, हेही लिहून ठेवते कारण दुसरीकडे पहिलं काम तेच असतं.

ट्रीटमेंट म्हणाल तर टेबल वेगळं असतं. पालथं झोपायचं, तोंडाच्या जागी भोक असतं त्यावर दर वेळी नवीन कागद लावतात (मी मुद्दाम बघते, खाण्याचा धंदा असल्यामुळे स्वच्छतेकडे लक्ष जातंच). कमरेखालचा टेबलाचा भाग जरासा वर उचलून ठेवतात आणि हाताने झटकन दाबलं की तो भाग धाडकन खाली बसतो. पहिल्यांदा मी दचकले पण तो आवाज टेबलाचा, आपल्याला काही लागत नाही. त्यानंतर कुशीवर वळवून वरचा गुडघा वाकवायचा, हात छातीशी, श्वास सोडा म्हणाले आणि सोडतासोडता एक छोटासा झटका, कट्. मी विचारलं हाड बसलं का जागेवर. तर म्हणाले हाड जागेवरून हललेलंच नव्हतं काकू, सांध्यात जे पाणी असतं त्यात वायूचा पोकळ बुडबुडा तयार होतो त्याचा हा आवाज. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात २०१५ मध्ये बोटांचे सांधे ओढून एमआरआयमध्ये ते प्रत्यक्ष बघितलंय म्हणे. आवाज आला नाही तरी उपाय होतो, आणि आवाज आला म्हणजे बरे झालात असंही नाही. मला असा खरं बोलणारा माणूस आवडतो.

लहानपणी आजोळी कोणाला उसण भरली की गावातल्या पायाळू माणसाला बोलवायचे आणि कमरेला पाय लावून घ्यायचे. आजीचा फार विश्वास. या कायरोप्रॅक्टिकची सुरुवात पण काही हॉस्पिटलमध्ये झालेली नाही. १८९५ साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेव्हनपोर्टला डी. डी. पामर नावाच्या माणसाने एका सफाई कामगाराचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं असा दावा केला, आणि मग बहुतेक सगळे आजार मणका सरकल्यामुळेच होतात असं शिकवायला शाळाच काढली. ती थिअरी काही टिकलेली नाही. टिकलं ते कंबरदुखीपुरतं, आणि आपल्याला तेवढ्यापुरतंच जायचंय.

त्या संध्याकाळी कंबर हलकी वाटली. दुसऱ्या दिवशी मात्र अंग जड आणि ठणकल्यासारखं, पण हे होईल, एक-दोन दिवसांत जाईल असं त्यांनी आधीच सांगितलं होतं आणि तसंच झालं.

पण मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो टेबलाचा नाही. दुसऱ्या भेटीत डॉक्टर म्हणाले, काकू तुम्ही पोळी कशी लाटता ते मला करून दाखवा. मी म्हटलं इथे? हो म्हणाले, आणि त्यांचं टेबल रिकामं करून दिलं. हातात लाटणं म्हणून गुंडाळलेली फाईल. मी लाटायला लागले आणि ते बाजूला उभं राहून बघत होते. मग म्हणाले तुम्ही सगळा भार उजव्या पायावर टाकता, गुडघा मागे लॉक करता आणि ओटा तुमच्या उंचीला बुटका आहे म्हणून कंबरेतून वाकता, सकाळपासून दुपारपर्यंत, तर दुखणार नाही तर काय. मला इतक्या वर्षांत हे कोणीही विचारलं नव्हतं. ऑर्थोपेडिकने नाही, मालिशवाल्याने नाही. सगळ्यांनी कंबर बघितली, मी दिवसभर काय करते ते कोणी बघितलं नाही.

मग सुताराकडून पोळपाटाखाली ठेवायला चार इंचाचा लाकडी ठोकळा करून घेतला, खाली रबर लावून, हलू नये म्हणून. पायाशी एक लाकडी पाट, त्यावर आलटून पालटून एकेक पाय ठेवायचा. पिठाचे डबे जमिनीवरून उचलून कमरेच्या उंचीच्या फळीवर आणले. आणि पोतं उचलायचंच झालं तर गुडघ्यात बसून छातीशी धरून उठायचं, वाकून ओढायचं नाही. एवढंच. माझ्याकडे लाटायला येणाऱ्या दोघींना पण तसेच ठोकळे करून दिले, त्यातली एक म्हणाली ताई आधी का नाही केलं हे.

दुसरं म्हणजे व्यायाम. मार्जारासन, सेतुबंधासन, चार पायांवर येऊन एक हात नि उलटा पाय सरळ करायचा तो प्रकार, आणि चालणं. डॉक्टरांनी साफ सांगितलं की माझ्या हाताने जे हलकं वाटतं ते काही दिवस टिकतं, त्या दिवसांत तुम्ही व्यायाम बसवून घेतलात तर फायदा, नाहीतर तुम्ही येत राहाल आणि मी दाबत राहीन. मी आता संध्याकाळचे डबे गेले की तलावपाळीला चक्कर मारते. पावसात नाही जमत, मग घरातच.

माझी भाची फिजिओथेरपिस्ट आहे, तिला हे सगळं सांगितलं. मला वाटलं ती नावं ठेवेल, पण ती म्हणाली मावशी, कमरेसाठी हे चुकीचं नाहीये. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ मध्येच सांगितलंय की जुन्या कंबरदुखीला आधी गोळीशिवायचे उपाय करा, व्यायाम, योग, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम), अॅक्युपंक्चर, मणक्याचं मॅनिप्युलेशन म्हणजे हेच हाताने झटके देणं, आणि त्याने भागलं नाही तर मग गोळी. डब्ल्यूएचओने डिसेंबर २०२३ मध्ये जुन्या कंबरदुखीवर गाइडलाइन काढली त्यातही व्यायाम, मसाज, समजावून सांगणं यांच्या जोडीला मॅनिप्युलेशन आहे. आणि त्याच गाइडलाइनमध्ये कमरेचा पट्टा आणि ट्रॅक्शन (कंबर ताणून धरणं) रुटीनमध्ये वापरू नका असं म्हटलंय! आपल्याकडे तर कंबर दुखली की पहिला पट्टा येतो घरात. माझाही आहे, कपाटात. २०२० मध्ये जगात जवळजवळ ६२ कोटी लोकांना कंबरदुखी होती म्हणे, म्हणजे दर तेरा माणसांत एक, तर आपण काही एकटे नाही.

पण भाचीने हेही सांगितलं की जे मोठे अभ्यास झालेत त्यात मॅनिप्युलेशन आणि नीट केलेला व्यायाम यांचा फायदा साधारण सारखाच निघतो, म्हणजे हे काही व्यायामापेक्षा वरचढ नाही. ज्यांना जवळच चांगला फिजिओ आहे त्यांनी त्याच्याकडे गेलं तरी चालेल. मला पटलं. माझ्यासारखीला ज्या दुखण्यामुळे व्यायाम सुरूच करता येत नव्हता तिला या झटक्यांनी सुरुवात करून दिली, एवढं श्रेय मी नक्की देईन.

आता कापलेला स्टार.

काउंटरवरची मुलगी. स्वभावाने गोड आहे, पण पहिली तपासणी झाली, मी अजून चपला घालतेय तोवर सुरू, "मॅडम, चोवीस सिटिंगचं पॅकेज आहे, आजच घेतलं तर डिस्काउंट." डॉक्टर आत सांगतात की थोड्या सिटिंगमध्ये फरक नाही पडला तर थांबू, आणि बाहेर चोवीसचं पॅकेज. मीही महिन्याच्या डब्याचे पैसे आगाऊ घेते, पण गिऱ्हाईकाला आधी दोन दिवस चव बघू देते, आवडलं नाही तर पुढे नको. दुखण्याने बेजार झालेल्या माणसाला "आजच" म्हणणं मला अजिबात आवडलं नाही. मी नाही म्हटलं, एकेका सिटिंगचे पैसे देत गेले, कोणी काही बोललं नाही. तुम्हीही तेच करा. पहिली तपासणी १,५०० रुपये, नंतर दर वेळी ८००. माझ्या मेडिक्लेममध्ये हे बसलं नाही, तुमचं आधी विचारून घ्या. सुरुवातीला आठवड्यातून दोनदा बोलवलं, मग अंतर वाढवत नेलं, आता मी फक्त गरज पडली तरच जाते आणि हे डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं, ओढून धरलं नाही.

दुसरं, काउंटरमागचं ते पोस्टर. त्यावर कंबरदुखी, मानदुखी ठीक आहे, पण त्याखाली दमा, बाळाच्या पोटातल्या कळा, मुलांचं अंथरूण ओलं करणं, शुगर असं सगळं लिहिलंय. याला आधार नाही. इंग्लंडमध्ये यावरूनच मोठं प्रकरण झालं होतं, सायमन सिंग नावाच्या विज्ञानलेखकाने २००८ मध्ये लिहिलं की लहान मुलांच्या अशा आजारांवर कायरोप्रॅक्टिकचा पुरावा नाही, तर तिथल्या कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने त्याच्यावर बदनामीचा दावा लावला आणि २०१० मध्ये तो दावा मागे घ्यावा लागला. मी डॉक्टरांशी बोलले, म्हटलं तुम्ही आत इतकं खरं बोलता आणि बाहेर हे काय, उद्या एखादी आई दम्याच्या मुलाचा पंप बंद करून इथे घेऊन आली तर? ते म्हणाले पोस्टर कंपनीकडून आलंय, काढतो. मी शेवटची गेले तेव्हा तिथेच होतं. काढलं की मी पाचवा स्टार देईन, हे त्यांना सांगून आलेय.

गोळ्यांशिवाय म्हणजे पेनकिलरशिवाय, हे पण नीट समजून घ्या. बीपी, शुगर, थायरॉइडच्या गोळ्या कोणी बंद करायला सांगत असेल तर तिथून निघा. इथे तसं कोणी सांगितलं नाही.

मानेबद्दल वेगळं लिहिते कारण सगळ्यांना तेच करून घ्यायचं असतं, मोबाईलवर बघून. मान झटक्यात फिरवल्यामुळे मेंदूला रक्त नेणारी मानेतली रक्तवाहिनी आतून फाटून स्ट्रोक झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. फार क्वचित, पण झालं तर आयुष्यभराचं. आमच्या ह्यांची मान आखडते, त्यांना चक्करही येते अधूनमधून, त्यांनी हौसेने मानेचं करा म्हटलं तर डॉक्टरांनी चक्कर ऐकल्यावर स्पष्ट नकार दिला, आधी फिजिशियनला दाखवा म्हणाले. सासूबाईंची हाडं ठिसूळ आहेत, त्यांनाही झटका नाही, फक्त बसल्या बसल्या करायचे व्यायाम दाखवले आणि त्याचे पैसे घेतले नाहीत. नाही म्हणता येणारा माणूस आहे, माझ्या दृष्टीने ही सगळ्यात मोठी गोष्ट. आणि सलूनमध्ये केस कापल्यावर मान कडाडकन मोडून देतात ना, ते तर कृपा करून घरातल्या कोणालाच करू देऊ नका.

आणखी एक, जाण्याआधी शिक्षण विचारा, लाजू नका. आपल्याकडे कायरोप्रॅक्टिकला डॉक्टरांसारखी स्वतःची सरकारी कौन्सिल नाही, त्यामुळे कोणीही बोर्ड लावू शकतो. बाहेरच्या देशात याचा पूर्ण कोर्स चार-पाच वर्षांचा असतो, डब्ल्यूएचओने २००५ मध्ये किमान ४,२०० तासांचं शिक्षण हवं असं म्हटलंय. चार दिवसांचं वर्कशॉप करून आलेले पण आता दिसतात घोडबंदर रोडपासून नवी मुंबईपर्यंत. इथल्या डॉक्टरांचं शिक्षण बाहेरचं पूर्ण वेळेचं आहे, विचारल्यावर कागद दाखवले, चिडले नाहीत.

माझी कंबर आता? पूर्ण बंद नाही झाली दुखायची आणि तसं कोणी वचनही दिलं नव्हतं. पहिल्या दिवशी दहापैकी किती दुखतं विचारलं तर सात म्हटलं होतं, आता बऱ्याच दिवशी दोन-तीन असतं. यंदा होळीच्या पुरणपोळीच्या सगळ्या ऑर्डरी केल्या, रात्री गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपले, पेनकिलर घेतली नाही. उसण अजून कधीतरी भरते पण आता भीती वाटत नाही, काय करायचं ते माहितीये. बीपीही फॅमिली डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे ताब्यात आहे.

जाणाऱ्यांसाठी: गोखले रोडच्या आतल्या गल्लीत आहे, स्टेशनपासून वेस्टला चालत जाता येतं. गाडी नेऊ नका, पार्किंग मिळतच नाही, रिक्षा बरी. पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, कंबरदुखीच्या क्लिनिकला लिफ्ट नाही हे त्यांनी खरंच मनावर घ्यायला हवं, वयस्कर माणसं जिन्यात थांबत थांबत येतात. बायकांनी काळजी करू नका, आत एक लेडीज असिस्टंट पूर्ण वेळ असते आणि हात लावायच्या आधी दर वेळी विचारतात. साडी नेसून जाऊ नका, कुशीवर वळवून पाय दुमडायला लावतात तेव्हा पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅकपँटच बरी. संध्याकाळी सहानंतर ऑफिसवाल्यांची गर्दी असते, अपॉइंटमेंट असून थांबावं लागतं, दुपारी तीन-चारला गेलात तर निवांत बघतात. जुने रिपोर्ट आणि चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या, विचारतातच. रविवारी बंद.